सही बिराजदार सरांची

कॉम्प्युटरवर एखादा पार्ट कापायचा असला की बिराजदार सर आधी खुर्चीतून उठायचे, दाराबाहेर काढलेली चप्पल घालायचे आणि जिना उतरून खाली वर्कशॉपमध्ये जायचे. तिथे तो पार्ट शोधून त्याला हात लावायचे, जमलं तर उचलून बघायचे, आणि मग वर येऊन माउस हातात घ्यायचे. नव्यानं लागलेल्यांना याचं हसू यायचं. मलाही आलं होतं. जाडी, लांबी, वजन सगळं पडद्यावर लिहिलेलं असताना लोखंडाला हात लावून आणखी काय कळणार? एकदा मी धीर करून विचारलंच.

"भार कळतो की," सर म्हणाले. "पडद्यावर सगळंच हलकं असतंय. कापायला लई सोपं वाटतंय."

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमची कंपनी. टॉवेलच्या कारखान्यांसाठी मशिनी बनवतो. सूत ज्या भल्यामोठ्या रुळावर गुंडाळतात त्याला बीम म्हणतात. ते बीम भरायचं मशीन हे आमचं मुख्य काम. भरलेलं बीम चार माणसांना उचलत नाही. डिझाइनच्या खोलीत आम्ही चौघं, आणि सर आमचे मुख्य. मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे लोखंडाचा वास मला परका नव्हता. पण पदवी घेऊन आल्यावर मी तो विसरायच्या मार्गाला लागले होते.

सरांचं पूर्ण नाव चन्नबसप्पा. अक्कलकोटच्या पुढे, सीमेजवळचं गाव. घरात कन्नड, कंपनीत मराठी, वेल्डर लोकांशी दखनी, आणि कारखानदार आले की मोडकंतोडकं तेलुगू. ठेंगणा बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. चहा बशीतून प्यायचे आणि पिताना बोलायचे नाहीत. कुणी असेंब्लीतले, म्हणजे पडद्यावर जोडलेल्या मशीनमधले, पार्ट लाल-हिरव्या रंगांत रंगवले की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "लग्नाचा मांडव हाय का ह्यो? लोखंड लोखंडासारखं दिसू दे."

त्यांची सुरुवात ड्रॉइंग बोर्डवर झाली. कंपनीत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बरोबरीच्या दोघांनी नोकरी सोडली. सर मात्र स्वतःच्या हाताखालच्या पोरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि शिकले. शिकताना केलेली एक वही होती, तिच्यात इंग्रजी आज्ञा आणि समोर त्यांचा त्यांनी लावलेला अर्थ. 'एक्स्ट्रूड : ओढून बाहेर काढणे.' 'मेट : जोडी लावून देणे.' आणि एका पानावर, खाली दोन रेघा मारून, 'हाइड : लपवणे. (पार्ट गेलेला नसतो.)'

असेंब्लीत काप कसा द्यायचा, हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एकमेकांवर जोडलेल्या तीन प्लेटांमधून मी एक भोक पाडलं होतं. असेंब्लीत ते सुरेख आरपार दिसत होतं. पण प्लेटांची सुटी ड्रॉइंग काढली तर एकीतही भोक नाही. मी घाबरून सरांना बोलावलं. त्यांनी डबा उघडला, तीन मऊ भाकऱ्या एकावर एक ठेवल्या आणि स्टीलचा पेला उपडा करून त्यांवर दाबला. फिरवून उचलला तेव्हा तीन गोल चकत्या पेल्यात आल्या. त्या आधी खाऊन टाकल्या. अन्न वाया घालवलेलं त्यांना चालायचं नाही. मग भाकऱ्या सुट्या करून दाखवल्या.

"बघ, तिन्हींना भोक हाय. भाकरीचं असं असतं. कॉम्प्युटरचं तसं न्हाय. तितं तू थप्पीला भोक पाडलंस. थप्पी मोडली की भाकरी पुन्हा आख्खी."

"मग प्रत्येक पार्टात कसं न्यायचं?"

"हितं खूण कर, की काप खाली पार्टात उतरतो." त्यांनी पडद्यावरची बारीकशी चौकट दाखवली. "पण उतरवायच्या आधी इचार कर. तीच भाकरी दुसऱ्याच्या ताटात असली तर? एकच पार्ट आपल्या दोन मशिनीत असतो. हितं कापलास की तितं बी कापला गेला. म्हणून दर वेळी स्वतःला इचारायचं, काप कुणाचा? असेंब्लीचा का पार्टाचा? आन् कुणाकुणाला लागतोय?"

मी मान डोलावली. मला वाटलं, मला समजलं.

आणखी एक दिवस आठवतो. सरांच्याच एका ड्रॉइंगमध्ये भोकाची जागा चुकली आणि एक मोठी प्लेट तशीच कापून, भोक पाडून तयार झाली. वरून फोन करून सांगता आलं असतं. सर खाली गेले. मीही मागोमाग गेले. सगळे फिटर जमलेले असताना ते म्हणाले, "चूक माझी हाय. रफीकभाई, तुमचा आख्खा दिवस गेला." मग ते भोक वेल्डिंगनं बुजवेपर्यंत प्लेट स्वतः चिमट्यानं धरून उभे राहिले. रफीकभाई म्हणत होते, "तुम छोडो सर, हात जल्ता." सरांनी सोडली नाही.

त्या संध्याकाळी घरी फोन करून मी आईला हे सगळं कौतुकानं सांगितलं होतं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असंही म्हणाले होते. किती सहज म्हणाले होते.

पुढे तीन वर्षांनी आम्ही नवं मशीन काढलं. जुन्याच सांगाड्यावर मोठी मोटर बसवायची होती. मोटरचं कव्हर आडव्या प्लेटला अडत होतं, म्हणून कव्हर आणि प्लेट दोन्हींतून एक खाच काढायची होती. काम माझ्याकडे होतं. त्या कोपऱ्यात बीमचं वजन पेलणारा ब्रॅकेटही येत होता, म्हणजे ज्यावर बीमचं टोक टेकतं तो लोखंडी हात. तो मला पडद्यावर आडवा येत होता, म्हणून मी तो लपवला. खाचेची आकृती काढली, असेंब्लीत आरपार काप दिला, आणि प्रत्येक पार्टात जाऊन पुन्हा तेच करायचा कंटाळा म्हणून त्या चौकटीत खूण केली. काप कुणाला द्यायचा, याची यादी समोर येते. तिथे 'सगळ्यांना' असं आधीच निवडलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

शनिवारची दुपार होती. सरांच्या नातीचं अक्कलकोटला बारसं होतं आणि घरून तीनदा फोन येऊन गेला होता. ते चप्पल घालूनच माझ्या टेबलापाशी आले. डिझाइनच्या खोलीत चप्पल घातलेले सर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"काप दिलास?"

"दिला, सर. पार्टातही उतरवलाय. कव्हर आणि आडवी प्लेट."

"ब्रॅकेटला लागत न्हाय न्हवं? त्यो जुन्या मशिनीत बी हाय."

"नाही लागत."

"बघितलीस?"

"बघितलं, सर."

मी बघितलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणूनही बोलले नव्हते. ब्रॅकेट पडद्यावर दिसत नव्हता आणि त्या क्षणी माझ्या लेखी तो नव्हताच. पण त्यांनी विचारलं होतं ते बघितलंस का, आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उभ्या उभ्याच सही केली. तीन वर्षांत त्यांनी माझं काम स्वतः न तपासता सही केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

ब्रॅकेटच्या आतल्या वळणाला, जिथे सगळा भार येतो नेमक्या तिथे, अंगठ्याएवढी खाच पडली होती. नव्या मशीनला अजून वेळ होता. पण जुन्या मशीनचे ब्रॅकेट त्याच फाइलवरून लेझरवर कापले जात होते, आणि पुढचे सगळे खाच घेऊनच आले. खालच्यांना वाटलं, वरून काही बदल आला असेल.

चार महिन्यांनी एका टॉवेलच्या कारखान्यात ब्रॅकेट तडकला आणि भरलेलं बीम नरसय्या नावाच्या कामगाराच्या पायावर आलं.

सर रफीकभाईंना घेऊन लगेच गेले. दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्रॅकेटचा तुकडा होता. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि खाचेवरून अंगठा फिरवला. मग चष्मा पुसून कॉम्प्युटरपुढे बसले आणि ब्रॅकेटची फाइल उघडली. फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं. काप कुठल्या असेंब्लीतून आला, कोणत्या दिवशी आला, कोणाच्या नावावर आला. मी दोन खुर्च्या पलीकडे होते. तिथून मला माझं नाव वाचता येत होतं.

आता हाक मारतील, असं मला वाटलं. त्यांनी फाइल बंद केली. प्यायला पाणी मागितलं. मग फोन घेतला आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे ते ब्रॅकेट गेले होते त्या प्रत्येकाला मशीन बंद ठेवायला सांगितलं. पुढचे सहा दिवस ते आणि रफीकभाई कारखान्या-कारखान्यांत जाऊन ब्रॅकेट बदलत होते. खाच नसलेल्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग मी काढून दिलं होतं. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलत होते. ते ओरडले असते तर मी रडले असते, आणि रडता रडता कदाचित बोललेही असते.

आठवड्याभरानं शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो तुकडा होता.

"कट कुणी दिला हा?" शेठनी विचारलं.

सर गप्प राहिले. बराच वेळ गप्प राहिले. ती शांतता माझ्यासाठी होती. मला बोलायला त्यांनी जागा करून दिली होती, आणि हे मला नंतर नाही, तिथेच, उभ्या उभ्या कळलं होतं. मी एसीच्या रिमोटकडे बघत राहिले. त्यावर पंचवीस आकडा होता.

"ड्रॉइंगवर सही माझी हाय, शेठ," शेवटी सर म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. कट मी दिला, असं ते म्हणाले नाहीत. जेवढं खरं होतं तेवढंच बोलले, आणि उरलेलं माझ्यावर सोडलं. शेठनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर येताना मी सरांसाठी दार धरलं. तेवढं मात्र मला सुचलं.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. वडील नुकतेच रिटायर झाले होते, घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलीच्या जातीला डिझाइनमध्ये आधीच कुणी टिकू देत नाही. सगळी खरी होती. पण केबिनमध्ये यातलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. तिथे नुसती भीती होती.

दोन दिवसांनी सर म्हणाले, "नरसय्याला बघायला जातोय. येतीस?"

या सगळ्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी गेले. शहाळी घेतली होती. दवाखान्यात नरसय्याच्या पायाला मोठं बँडेज होतं. दोन बोटं काढावी लागली होती. त्याची बायको उशाशी बसली होती. सर पलंगाजवळ गेले, हात जोडले.

"डिझाइन कुणी काढलं, सर?" नरसय्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती करून घ्यायची होती त्याला. "एकोणीस वर्षं झाली बीमवर. माझी चूक म्हणतेत कारखान्यात. मी नीट लावलो न्हाय म्हणतेत."

"तुमची चूक न्हाय, नरसय्या," सर म्हणाले. "आमच्या खात्याची हाय. मी तितला मुख्य. माझ्याकडनं नीट बघणं झालं न्हाय. तुमच्या मालकाला मी तसं लिहून देणार हाय." आणि त्यांनी दिलंही.

नरसय्याची बायको मला म्हणाली, "तुमी कोण, बाई?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा जागा करून दिली.

"मी... सरांबरोबर आलेय," मी म्हणाले.

तिनं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. "बसा की, उभं का?" थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. तिला त्या दिवशी पुरेल एवढाच चहा त्यात असावा, कारण नंतर तिनं थर्मास हलवून बघितला आणि बाजूला ठेवला. मी तो प्याले. सगळा प्याले. 

सरांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. त्या पत्रानंतर शेठनी त्यांना महिनाअखेरीस मोकळं केलं. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. रफीकभाईंनी खाली हार आणला होता, तो सरांनी हातातच घेतला. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. आता तरी बोलावं, म्हणून शब्द जुळवत होते. दोन पायऱ्या उतरून सर थांबले.

"नव्या मशिनीचा ब्रॅकेट वेगळ्या नावानं ठेवलास का? जुन्याशी गुंतवू नको."

"ठेवलाय, सर."

"बघितलीस?"

"बघितलंय. खाली जाऊनही बघून आले."

"बरं," ते म्हणाले आणि उतरून गेले. मी जुळवलेले शब्द तसेच राहिले.

पुढच्या महिन्यात मला डिझाइनची मुख्य केलं. त्यांच्या टेबलावर बसायला सांगितलं होतं. मी माझंच टेबल ठेवलं आणि त्याला साधेपणा म्हणून दाखवलं. नरसय्याला कारखान्यात बसून करायचं काम मिळालं, सूत तपासायचं. सरांच्या पत्रामुळे मिळालं. हे मला रफीकभाईंकडून कळलं. रफीकभाई आणि खालचे सगळे सरांना भेटत असत. मला विचारायचे, "तुम नहीं गए क्या मॅडम?" जाईन म्हणायचे.

सहा महिन्यांनी मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं. कट मी दिला, ब्रॅकेट लपवून दिला, सरांनी विचारलं तेव्हा बघितलं म्हणाले. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कशाला उकरून काढता? मिटलेलं आहे. तुमचं काम चांगलं चाललंय, ते करा. आणि बाहेर कुठे बोलू नका."

यावर मी काय करायला हवं होतं, हे मला माहीत आहे. माझ्या मनात जे आलं ते मात्र वेगळं होतं. सुटले, असं वाटलं. अगदी अंग हलकं झालं. मी खोट्यात जगत होते तोवर निदान खंत तरी होती. त्या दिवशी खरं बोलून मी जी सुटका करून घेतली, तिची मला जास्त लाज वाटते.

त्या भरात सरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नींनी उचलला. "अवरु मन्याग इल्री," त्या म्हणाल्या. एवढं कन्नड सोलापुरात राहून कळतं. ते घरी नाहीत. मग मराठीत विचारलं, "कोण बोलतंय? काय निरोप देऊ?" मी नाव न सांगता फोन ठेवला.

मागच्या लग्नसराईत आई कुर्डुवाडीहून आली होती. नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात आम्ही ब्लाउजचं कापड बघत होतो. गर्दी होती. पायऱ्या चढून एक जोडपं आत आलं. बाईंनी पिशवीतून साडी काढून दुकानदारापुढे धरली, तिला जुळणारं अस्तर हवं होतं. मागे सर उभे होते. वाळले होते. शर्ट खांद्यावर सैल झाला होता.

मी लटकवलेल्या परकरांच्या रांगेमागे गेले. विचार करून नाही. पाय आपोआपच गेले.

"अश्विनी!" आईनं मोठ्यानं हाक मारली. "अगं हा रंग बघ की. कुठं गेलीस?"

सरांनी मान वळवली. परकरांच्या फटीतून आमची नजरानजर झाली. मध्ये सात-आठ पावलं असतील. सर बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखीचं हसूही नव्हतं. ते वाट बघत होते. ती वाट मला आता चांगली ओळखीची होती.

मी हलले नाही.

मग सरांनी पत्नीच्या कोपराला हात लावला, त्यांना हलकेच आतल्या भिंतीकडे वळवलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणत वरच्या फळीवरच्या कापडाकडे बोट दाखवलं. दोघांच्याही पाठी माझ्याकडे झाल्या. दाराकडची वाट मोकळी झाली.

मी आईचा हात धरला आणि पायऱ्या उतरले.

"अगं, कापड घ्यायचं राहिलं की," रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली.

मी वळून बघितलं. सरांच्या पत्नी केव्हाच काउंटरशी परत येऊन अस्तराचा पोत चाचपत होत्या. सर मात्र अजून भिंतीकडे तोंड करून एकटेच उभे होते, वरच्या फळीकडे बघत.